आटपाडीजवळचा बिनभिंतीचा तुरुंग : शिक्षा संपवून माणूस गावात परत येतो, तेव्हा काय?

आटपाडी : तुरुंग म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला येरवडा नाहीतर कळंबा आठवतो. उंच दगडी तट, लोखंडी दार, दारावर बंदूकधारी शिपाई आणि भेटीच्या दिवशी डबा घेऊन ताटकळणारी घरची माणसं. पण सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ एक तुरुंग असा आहे, की त्याला असा तटच नाही. त्याचं नाव स्वतंत्रपूर. लांब मुदतीची शिक्षा लागलेले कैदी इथं बायका-मुलांसह राहतात आणि शेती कसतात. सरकारी भाषेत ही 'खुली वसाहत' आहे आणि ती आजही राज्याच्या कारागृह विभागाकडंच आहे. तिथली कैद्यांची सोय तिसाच्या आतच आहे.

नाव ऐकून लोक हसतात. तुरुंगाचं नाव आणि स्वतंत्रपूर! पण हे नाव आजचं नाही. ते 1939 सालचं, औंध संस्थानातलं आहे.

कुठंही काही भयंकर घडलं, की दोन दिवस मोबाईलवर एकच मेसेज फिरत असतो : 'भर चौकात फाशी द्या.' त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : 'कैद्यांना फुकट जेवण कशाला?' राग खोटा नसतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला तर तो राग बाळगायचा पुरा हक्क आहे. पण फाशीचे गुन्हे फार थोडे. बाकी जेवढे म्हणून आत जातात, ते पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी परत येतात. ते येतात कुठं? गावात. त्याच आळीला, त्याच एसटीच्या थांब्यावर. तेव्हा शिक्षा किती कडक असावी हा जसा प्रश्न आहे, तसाच परत येणारा माणूस कसा असावा हाही गावाचाच प्रश्न आहे. स्वतंत्रपूरची माहिती त्यासाठी.

औंधच्या राजाचं धाडस

औंध संस्थान छोटं, 72 गावांचं. तेही सलग नाही. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, तर गुणदाळचा तुकडा पार विजापूरकडं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार, ज्यांचं वस्तुसंग्रहालय औंधला डोंगरावर आजही बघायला मिळतं ते. त्यांनी 1939 च्या जानेवारीत महात्मा गांधींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना लागू केली आणि कारभार गावच्या पंचायतीकडं सोपवायला सुरुवात केली. राजाचा मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलंडचे इंजिनिअर या कामात पुढं होते. फ्रीडमन बंगळूरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात होते. पुढं भगवी वस्त्रं घालून ते स्वामी भारतानंद झाले. संस्थानातल्या कैद्यांना कोठडीतून काढून माळावर शेती करायला लावायची, या कल्पनेमागं त्यांचंच नाव घेतलं जातं.

आटपाडीचा माळ त्या काळी कसा असेल, ते माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. टेंभूचं पाणी आता आलं. तेव्हा पावसावर भरवसा ठेवायचा आणि मेंढरामागं फिरायचं. अशा जमिनीत कैद्यांना सोडणं म्हणजे पळून जायला मोकळं रानच. राजानं ते केलं.

या माळाची गोष्ट पुढं देशभर गेली ती सिनेमामुळं. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 साली आला. एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर शेत पिकवतो, अशी ती कथा. लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्याच माणसानं, ज्याचं शिक्षण औंध संस्थानात झालं. या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही बक्षीस मिळालं. सिनेमात कैदी पळत नाहीत ते जेलरच्या डोळ्यांच्या धाकानं. नजर पाठलाग करते, असं दाखवलंय. स्वतंत्रपूरचा हिशेब साधा आहे. बायको चुलीपुढं बसलीय, पोरगं अंगणात खेळतंय, वावरात पीक उभं आहे, मग गडी पळून जाणार कुठं? आणि पळाला तर परत बंद कोठडी, माफीचे दिवस गेले आणि घरच्यांचा निवाराही गेला. ज्याच्याकडं गमावण्यासारखं काही आहे, त्याला तट लागत नाही.

किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीत, 1910 साली राजानं दिलेल्या जागेवर उभी राहिली. कारखान्याची राखण करायला शिक्षा भोगून आलेली माणसं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ठेवली होती, असं तिथले जुने लोक सांगत आले. म्हणजे चोराच्या हातात किल्ली. व्यवहार बघणारा कारखानदार असं करतो तेव्हा त्यात नुसती दया नसते, त्याचा काहीतरी अंदाज असतो.

त्याच संस्थानात पत्रीही

गंमत अशी, की याच औंध संस्थानात त्याच काळात अगदी उलट्या तऱ्हेचा न्यायही चालला. कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र. 1943 पासून 1946 पर्यंत सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचं सांगलीचं बरंच रान येतं, इंग्रजांचा अंमल गावोगाव ढिला पडला होता. भूमिगतांना पकडायच्या नादात पोलीस, आणि त्याचा फायदा दरोडेखोरांना. बायाबापड्यांना रात्री झोप नव्हती. प्रतिसरकारनं दरोडेखोर आणि फितूर धरले आणि त्यांच्या तळपायावर काठ्या घातल्या. घोड्याला पत्री ठोकतात तशी पत्री ठोकली, म्हणून लोकांनी नावच ठेवलं पत्री सरकार. दरोडे थांबले. म्हातारी माणसं हे आजही अभिमानानं सांगतात, आणि का सांगू नये? कोर्ट लांब, पोलीस परक्याचे. त्या वेळी गावाला दुसरा काय इलाज होता?

पण पत्रीची गोष्ट सांगताना अर्धीच सांगितली जाते. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी बांधाचे, वाटपाचे, सावकारीचे कितीतरी तंटे समोरासमोर बसवून मिटवले. दोघांनाही गावातच राहायचंय हे धरून निकाल दिला. पत्री लक्षात राहिली, कारण ती दिसायला भारी. मिटवलेला तंटा कुणाला दिसत नाही.

आणि पत्रीचा धाक बसला तो काठी जड होती म्हणूनच नव्हे. गुन्हा केला की आठ दिवसात सापडणार, हे ठाऊक होतं म्हणूनही. आज कायद्यात शिक्षा कमी नाही. खटलाच दहा-दहा वर्षं चालतो, साक्षीदार मरतात, फिरतात. शिक्षा होईलच याची खात्री नसली, की ती कागदावर कितीही कडक असून उपयोग नाही. देशातल्या तुरुंगात आज जे आहेत, त्यात चारातले तीन जण असे आहेत की त्यांचा निकालच लागलेला नाही. त्यांना शिक्षा म्हणावी की काय म्हणावं?

'सुधारणा' शब्दाची दुसरी बाजू

सुधारणा म्हटलं की सगळं चांगलंच, असंही नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं पारधी, कैकाडी असे अख्खे समाजच जन्मानं चोर ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली. त्यालाही सुधारणाच म्हटलं होतं! काम करून घ्यायचं, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. गुन्हा कुणी केलाय हे बघायचंच नाही. हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. पण गावात मोटर चोरीला गेली की पहिली नजर आजही कुणाच्या पालाकडं जाते, ते आपल्याला माहीत आहे. सोलापूरच्या वसाहतीत माणसांवर काहीच शाबित नव्हतं आणि भोवती तार होती. स्वतंत्रपुरात ज्याच्यावर गुन्हा शाबित झालाय असा माणूस आहे आणि तट नाही. दोन्हीकडं शेतीभाती, कामधंदा आहे, पण एकीकडं माणसावर संशय, दुसरीकडं भरवसा.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे

पारावरच्या गप्पांत हमखास ऐकू येणारं वाक्य : 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, दिवस-रात्र धरून सातच.' दोन्ही चूक. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सुप्रीम कोर्टानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. दिवस-रात्र वेगळे मोजायची भानगड कायद्यात कुठंही नाही. चौदा वर्षांचा आकडा आला तो असा : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला त्याला माफी देऊन सोडता येत नाही. म्हणजे चौदा ही विचार सुरू करायची कमीतकमी मर्यादा. महाराष्ट्रात गुन्हा कसा होता, कुणाचा केला, किती क्रूरपणे केला यावरून वर्ग ठरवलेत आणि काहींना वीस-बावीस-चोवीस वर्षं किंवा त्याहून जास्त काढावी लागतात.

रजेचंही तसंच. कैदी सुट्टीवर आला की गावात कुजबुज सुरू होते, पैसे चारून आला असणार म्हणून. कायद्यात दोन रजा आहेत. संचित रजा, म्हणजे फर्लो. ठरावीक शिक्षा भोगली आणि वागणूक नीट असली की ती मिळू शकते. तिला कारण लागत नाही, माणसाचा घराशी धागा तुटू नये हाच तिचा हेतू. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. घरात मयत, मोठं आजारपण, लग्न अशा कारणानं. दोन्हीला अर्ज, पोलिसांचा अहवाल, जामीनदार लागतो. फिर्यादीच्या घराला धोका असेल तर तसं पोलिसांना सांगता येतं, त्यावर रजा नाकारली जाऊ शकते. हे फिर्यादीच्या बाजूच्या लोकांना बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही.

खुल्या कारागृहात सरसकट कुणालाही पाठवत नाहीत. शिक्षेचा बराच भाग बंद तुरुंगात काढलेला असावा लागतो, वागणुकीवर डाग नको, शेतात राबायला तब्येत धडधाकट हवी. समिती बसून नावं निवडते. सराईत गुन्हेगार, पळून गेलेले यांना सहसा दार बंद. निवडलेल्याची हजेरी होते, कामाची मजुरी मिळते, शिक्षेत माफीही बंद तुरुंगापेक्षा जास्त. पैठण, विसापूर, मोर्शी, येरवडा इथंही खुली कारागृहं आहेत. राजस्थानात तर जयपूरजवळ सांगानेरला शेकडो कैदी कुटुंबासह राहतात आणि सकाळी बाहेर पडून स्वतः कामधंदा शोधून पोट भरतात. तेही काही दशकं झाली चाललंय.

पहिल्यांदा चुकलेल्या पोराचं काय?

गावात जास्त प्रकरणं खुनाची नसतातच. भांडणात डोकं फोडलं, रागाच्या भरात कुणाची गंज पेटवली, केबल चोरली. वय एकोणीस-वीस. अशा पोराला सराईतांच्या बराकीत टाकलं, तर तो काय शिकून येईल हे सांगायला शिकलेलं माणूस लागत नाही.

त्यासाठी 1958 चा परिविक्षा कायदा आहे. गुन्हा शाबित झाला, पण त्याला फाशी किंवा जन्मठेप होत नसेल, तर कोर्ट परिस्थिती बघून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडू शकतं आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. किरकोळ गुन्हा आणि पहिलीच वेळ असेल तर नुसती ताकीदही देऊ शकतं. वय 21 च्या आत असेल तर जन्मठेपेचे गुन्हे सोडून बाकी बाबतीत, तुरुंगात टाकायचंच असेल तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायलाही कोर्ट सांगू शकतं. आणि या कायद्याखाली सुटलेल्याला शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. पण ही मागणी वकिलानं कोर्टापुढं मांडावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती मांडलीच जात नाही, कारण घरच्यांना असा कायदा आहे हेच माहीत नसतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर शिक्षेच्या यादीतच समाजसेवा घातलीय. म्हणजे कोर्ट पगार न देता लोकांच्या उपयोगाचं काम करायला लावणार. ती फक्त सहा किरकोळ गुन्ह्यांना. त्यातले गावाच्या ओळखीचे दोन : पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल किंवा किंमत परत केली तर, आणि दारू पिऊन चारचौघांत गोंधळ घालणं. दुसऱ्यासाठी कामाला माणसं कमी पडायची नाहीत, असं कुणी म्हणेल.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढं 1977 साली सुप्रीम कोर्टात एक खटला आला होता. नोकरी लावतो म्हणून पोरांना फसवणारा एक तरुण. कोर्टानं त्याची शिक्षा कमी केली, पण नुसतं सोडून दिलं नाही. तुरुंगात त्याला नुसती दगडं फोडायला न लावता डोकं चालेल असं काम द्या, असं सांगितलं. शिक्षा द्यायची ती माणूस दुरुस्त होण्यासाठी, हा विचार त्या निकालानंतर अनेक निकालांत आला.

फिर्यादीचं घर

हे सगळं वाचून ज्याच्या घरी खून पडलाय तो म्हणेल, कैद्याला शेत, कैद्याला घर, कैद्याला बायको-पोरं, आणि आम्हाला? हा प्रश्न बरोबर आहे, आणि सुधारणेची बाजू घेणारे बहुतेक जण तो टाळतात. समजा बांधावरून भांडण झालं, एक भाऊबंद गेला, दुसरा आत गेला. गेलेल्याची बायको बत्तीसची, दोन पोरं. तिला कोर्टाचे हेलपाटे, साक्ष फिरवायला दबाव, आणि तोच बांध. तिच्यासाठी कायद्यात आहे ते एवढं : गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला भरपाईची सरकारी योजना असते, आरोपी सापडला नाही तरी मागता येते, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करायचा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, 2013 पासून. मोफत वकीलही तिथंच मिळतो. मदतीचा फोन नंबर 15100. सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी करता येते.

हे पुरेसं आहे का? नाही. आरोपीला परिविक्षा अधिकारी आहे, फिर्यादीच्या घरी कुणी वर्षानं एकदा येऊन 'कसं चाललंय' विचारत नाही. स्वतंत्रपूरसारखा विचार तिच्याही बाजूनं कुणीतरी करायला पाहिजे होता. 1939 साली नाही झाला, आजही नाही.

सुटल्यावर

शिक्षा संपली की कायदा माणसाचा पिच्छा बराचसा सोडतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात सहा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेल्याला ग्रामपंचायतीचा सदस्य होता येत नाही, पण सुटकेनंतर पाच वर्षं झाली की ही आडकाठी जाते. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं तो सरपंचही होऊ शकतो. गावाच्या हिशेबानं त्याला गवंड्याच्या हाताखालीसुद्धा कुणी घेत नाही. कंपनीत गेला तर चारित्र्य पडताळणीचा दाखला आडवा येतो. बँक कर्ज देत नाही, भावानं सातबारा आपल्या नावावर करून घेतलेला असतो. पोरीचं लग्न जमवताना पाव्हणं उठून जातात. कोर्टानं दहा वर्षं दिली असतील, गावानं किती दिली हे कुठंच लिहिलेलं नसतं.

स्वतंत्रपुरात राहणाऱ्या कैद्याला हे जरा जास्तच लागत असणार. बंद तुरुंगातून सुटणारा माणूस सगळ्यातून सुटतो. इथून सुटणाऱ्याला मात्र त्या दिवशी एक मांडलेलं घर मोडावं लागतं. राहतं घर, कसलेलं वावर आणि हाताला असलेलं काम, तिन्ही शिक्षेबरोबरच संपतं. भांडीकुंडी बांधायची, पोरांना घ्यायचं आणि गावाकडची एसटी धरायची. तिथं घर आहे का, शेत उरलंय का आणि कुणी कामाला बोलावणार का, हे त्याला थांब्यावर उतरल्यावर कळतं.